‘मानतात’ हा शब्द खोडा: यातुविद्या आणि धर्म यांचा मानवशास्त्रीय अभ्यास कसा करावा

क्षेत्रकार्याच्या, म्हणजे लोकांमध्ये राहून करायच्या अभ्यासाच्या, वहीत नवा अभ्यासक जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा लिहितो आणि ज्याचा पुढे सगळ्यात कमी उपयोग होतो, ते असं: ‘हे लोक अमुक मानतात.’ कोण मानतं? सगळेच? आजारी पडल्यावर, की एरवीही? हे तुम्हाला सांगितलं कोणी, आणि सांगताना शेजारी कोण बसलं होतं? त्या वाक्यात यातलं काहीच नसतं. मानणं डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते करणं: कोणी, कोणासाठी, कशाने, किती वेळ, किती खर्चून काय केलं, आणि गुण आला नाही तेव्हा त्याचं कारण काय दिलं. अभ्यास या दिसणाऱ्या गोष्टींपासून सुरू करायचा आणि मनातल्या गोष्टींकडे शेवटी, जपून जायचं. खालची सगळी पद्धत या क्रमावर उभी आहे.

आधी शब्द निवडा

मानवशास्त्रज्ञ टायलरने १८७१ साली धर्माची अगदी त्रोटक व्याख्या केली: आत्मिक सत्तांवरची श्रद्धा. फ्रेझरने ‘द गोल्डन बो’ या ग्रंथात यातुविद्येचे, म्हणजे मंत्रतंत्र आणि तोडग्यांचे, दोन नियम मांडले. पहिला साधर्म्याचा: प्रतिमेवर जे करावं ते मूळ वस्तूवर उमटतं. दुसरा संसर्गाचा: एकदा एकत्र असलेल्या वस्तू वेगळ्या झाल्या तरी एकमेकींवर परिणाम करत राहतात. आधी यातुविद्या, मग धर्म, मग विज्ञान ही फ्रेझरची शिडी आता टाकून दिलेली आहे, कारण एकच माणूस एकाच सकाळी जमिनीचा कस ओळखून बी निवडतो, देवाला हात जोडतो आणि बांधावर मंत्रही म्हणतो. पण ते दोन नियम वर्णनाचं हत्यार म्हणून अजून उत्तम चालतात. विधीत केस, नखं, पावलाखालची माती दिसली की समासात ‘संसर्ग’ लिहा. बाहुली, रंग, आकार दिसला की ‘साधर्म्य’. एवढ्याने विधीची घडण कळते. तो का केला हे कळत नाही, आणि ही गल्लत फार जणांची होते.

दुर्खीमने १९१२ मध्ये वेगळी रेघ ओढली. धर्म माणसांना एका समुदायात बांधतो; मांत्रिकाकडे येणाऱ्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं. थोडक्यात, धर्माला मंडळी असते, यातुविद्येला गिऱ्हाईक. ही रेघ सगळीकडे टिकत नाही. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवरचा तोवोसी, म्हणजे बागांचा मांत्रिक, सगळ्या गावासाठी आणि सगळ्यांदेखत काम करत असे. तेव्हा ती व्याख्या म्हणून न वापरता प्रश्न म्हणून वापरा: इथे जमलेली माणसं एकमेकांची कोण लागतात? विधी संपल्यावर ती पुन्हा एकत्र येतात का?

मराठीत लिहिणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. ‘अंधश्रद्धा’, ‘बुवाबाजी’, ‘भोंदू’ या शब्दांत निकाल आधीच दिलेला आहे. ‘श्रद्धा’ या शब्दातही दिलेला आहे, फक्त उलट बाजूने. सामाजिक चळवळीत या शब्दांना काम आहे, नोंदवहीत नाही. ‘जादूटोणा’ची अडचण निराळी आहे, तो फार गोष्टी एका पोत्यात भरतो. मध्य आफ्रिकेतल्या अझांदे लोकांचं उदाहरण घ्या. त्यांच्यात मांगू म्हणजे काही माणसांच्या पोटात असणारा, बापाकडून मुलाकडे आणि आईकडून मुलीकडे जाणारा पदार्थ. त्याने दुसऱ्याला इजा होते, आणि ती ज्याची त्यालाही ठाऊक नसू शकते. न्गुआ म्हणजे जाणूनबुजून वापरायची औषधं. म्हणून मांगूचा आरोप झालेला माणूस निमूटपणे पाण्याची चूळ भरून कोंबडीच्या पंखावर फुंकतो आणि म्हणतो, माझ्यात काही असेल तर ते थंड होवो. कबुली नाही, भांडण नाही. मराठीत पहिल्याला ‘चेटूक’ आणि दुसऱ्याला ‘करणी’ असे दोन शब्द ठरवून घेतले तर हा प्रसंग कळतो. दोन्हींना जादूटोणा म्हटलं की तो वेड्यासारखा दिसतो.

त्यामुळे रीत अशी ठेवा. मूळ भाषेतला शब्द वहीत मूळ उच्चाराने लिहा. तो शब्द लोकांनी आपापसात, तुम्ही न विचारता वापरलेली किमान दहा वाक्यं जमेपर्यंत त्याला मराठी प्रतिशब्द देऊ नका. पहिल्या आठवड्यात ठरवलेले प्रतिशब्द हटकून चुकतात, आणि पुढची सगळी वही त्या चुकीच्या चष्म्यातून लिहिली जाते.

खरं-खोटं बाजूला कसं ठेवायचं

‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न वाईट नाही, फक्त या कामाचा नाही. देव आहे का, मंत्राने पाऊस पडतो का, याचा निवाडा मानवशास्त्राच्या साधनांनी करता येत नाही. त्या बोलण्याभोवती माणसं काय उभं करतात, ते मात्र याच साधनांनी चांगलं दिसतं. याला पद्धतीपुरता अज्ञेयवाद म्हणतात. ‘पद्धतीपुरता’ हे महत्त्वाचं: तुमचं खासगी मत तुमच्याजवळ राहतं.

बोलायला सोपं, करायला अवघड. म्हणून निघण्याआधी दोन कामं करा. एक, स्वतःच्या मतांची दोन पानं लिहा: कशावर विश्वास आहे, कशाचा राग येतो, कशाची भीती वाटते. ही पानं कोणाला दाखवायची नसतात, पण नोंदी वाचताना ‘इथे माझा राग बोलतोय’ हे त्यांच्यामुळेच पकडता येतं. दुसरं, स्वतःच्या रोजच्या व्यवहारातली एखादी कृती, समजा परीक्षेच्या आधीची किंवा इस्पितळातली, एखाद्या परक्याने पाहावी तशी पाचशे शब्दांत लिहा. होरेस माइनरने १९५६ मध्ये ‘नासिरेमा’ नावाच्या लोकांच्या शरीरविधींचं असं वर्णन केलं होतं. नाव रोमन लिपीत उलटं वाचलं की अमेरिकन माणूस निघतो आणि ‘मुखविधी’ म्हणजे दात घासणं. हा सराव केल्यावर परक्या विधीला ‘विचित्र’ म्हणताना पेन अडखळतं, आणि ते अडखळायलाच हवं.

दोन बाजूंना घसरण आहे. काही जण विधी चालू असतानाच हातचलाखी शोधायला लागतात. काही जण भारावून लिहायचं विसरतात. मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डने अझांदेंमध्ये राहताना घरातले छोटे निर्णय तिथल्या कौलांवर सोपवले आणि घर चालवायला ही पद्धत इतर कुठल्याही पद्धतीइतकीच सोयीची आहे असं नोंदवलं. चेटूक खरं आहे असं मात्र त्याने म्हटलं नाही. सहभागी निरीक्षणाचं, म्हणजे लोकांबरोबर स्वतः करत करत पाहण्याचं, एवढं नेमकं माप दुसरीकडे क्वचित सापडतं.

सुरुवातीचे दोन महिने यातुविद्येबद्दल विचारू नका

मुदत किमान बारा महिन्यांची हवी, म्हणजे वर्षाचं एक चक्र पुरं होतं. चौदा मिळाले तर फार बरं: पहिले दोन महिने भाषेत आणि ओळखीत जातात, आणि तेच दोन महिने पुढच्या वर्षी पुन्हा पाहिले की पहिल्या वेळी काय सुटलं ते लख्ख दिसतं. मालिनोव्स्कीने १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रियांड बेटांवर दोन वेगवेगळे मुक्काम केले. मधल्या काळात नोंदी वाचून त्यातली भोकं शोधता येणं, हा दोन मुक्कामांचा खरा फायदा. एकदाच जाणं शक्य असेल तर मध्यावर दोन आठवडे बाहेर पडा आणि फक्त वही वाचा.

पहिल्या दोन महिन्यांत तीन गोष्टी पुऱ्या करायच्या. वस्तीचा नकाशा, घरागणिक क्रमांक घालून. प्रत्येक घराची वंशावळ, निदान तीन पिढ्यांची. ही पद्धत रिव्हर्सने १८९८ च्या, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत घडवली आणि तिच्याइतकं कामाचं साधन अजून निघालेलं नाही. आणि कामांचं वार्षिक पत्रक: कोणत्या महिन्यात कोण काय करतं, कोणतं काम जोखमीचं, हाती काही नसण्याचे दिवस कोणते.

हे कोरडं वाटतं, आणि म्हणूनच घाईत टाळलं जातं. पण चेटकाचा आरोप कधीही कोणावरही होत नाही, तो ठरावीक नात्यांवरून वाहतो: सवती, भाऊबंद, शेजारी, देणेकरी. अझांदेंमध्ये सामान्य माणूस राजघराण्यातल्यावर आरोप करत नसे. कोण कोणाचं कोण हे माहीत नसेल तर तुम्हाला नुसत्या गोष्टी मिळतात, त्यांचा आकार मिळत नाही. दुसरा फायदा असा, की नकाशा-वंशावळीच्या निमित्ताने तुम्ही प्रत्येक घरात जाता. थेट मांत्रिकाच्या दारात उभं राहणारा पाहुणा पहिल्या दिवसापासून कोणाच्या तरी बाजूचा ठरतो.

विधी नोंदवणं

एक तासाचा विधी उतरवायला दोन ते तीन तास लागतात. आणि ते त्याच रात्री, झोपेच्या आधी. झोप झाली की क्रम बिघडतो, माणसांची अदलाबदल होते आणि बोललेले शब्द तुमच्या भाषेत बदलतात.

विधी सुरू होण्याच्या निदान दोन तास आधी पोहोचा. सामान कोणी आणलं, कुठून, किती, पैसे कोणी दिले, काय मिळालं नाही म्हणून त्याऐवजी काय चालवलं: ही माहिती तेव्हाच मिळते. बदली वस्तू फार बोलकी असते. पांढऱ्या कोंबड्याऐवजी तांबडा चालतो पण कोंबडी चालत नाही, असं कळलं की रंगापेक्षा नर असणं महत्त्वाचं आहे हे कोणालाही न विचारता समजतं. जागेचा आराखडाही आधीच काढा, दिशा आणि अंतर पावलांत मोजून.

विधी चालू असताना खिशात मावणाऱ्या वहीत फक्त खुणा करा: वेळ, कृती, माणसाचा क्रमांक, एखादा शब्द. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून वेळ टाका. कंटाळवाणा भाग किती वेळ चालला हे त्याशिवाय लक्षात राहत नाही. आठवणीत फक्त नाट्यमय क्षण उरतात आणि तीन तासांचा विधी दहा मिनिटांचा होतो. नजर अधूनमधून मुद्दाम मध्यभागावरून काढा. कडेला कोण बसलंय, कोण गप्पा मारतंय, लहान मुलांना कशापासून हाकललं जातंय, कोण आलंच नाही. न येणाऱ्यांची नावं ही बहुतेक वेळा त्या दिवसाची सगळ्यात मोलाची नोंद ठरते.

संपल्यावर लगेच निघू नका. उरलेलं कोण घेतं, राख-पाणी कुठे टाकतात, जागा कोण झाडतं, वाटेत लोक काय बोलतात, हे बघा. जिथे ‘पवित्र’ संपून ‘नेहमीचं’ सुरू होतं तो सांधा इथे असतो.

रात्री विस्तृत नोंद लिहिताना एक शिस्त पहिल्यापासून पाळा. माणसाचे जसेच्या तसे शब्द दुहेरी अवतरणात, आशय तुमच्या भाषेत असेल तर एकेरी अवतरणात, आणि तुमचं निरीक्षण अवतरणाविना. तुमचे अर्थ, शंका, तर्क वेगळ्या पानावर, तारखेसह. भावनांसाठी तिसरी वही. मालिनोव्स्कीची खासगी रोजनिशी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातला त्रागा वाचून पुष्कळांना धक्का बसला. पण तो त्रागा त्याने वेगळ्या वहीत ठेवला होता, ही पद्धत म्हणून योग्यच गोष्ट होती. सहा महिन्यांनी या तिन्ही वह्या एकमेकींसमोर ठेवून वाचता आल्या पाहिजेत.

आता अर्थाकडे. संक्रमणविधी असेल, म्हणजे जन्म, वयात येणं, लग्न, मृत्यू, तर व्हान गेनेपने १९०९ मध्ये दाखवलेले तीन टप्पे शोधा: वेगळं काढणं, उंबरठ्यावर ठेवणं, परत घेणं. प्रत्येक टप्प्याची वेळ मोजा. कोणता टप्पा लांबतो त्यावरून विधीचा भर कळतो: अंत्यविधीत पहिला, दीक्षेत मधला, लग्नात तिसरा ठळक असतो असं त्याने सुरुवातीला म्हटलं, पण अंत्यविधींचा तपशील पाहिल्यावर तिथेही मधला टप्पाच लांबतो असं त्याला आढळलं. तुमच्याकडे उलट दिसलं तर थांबा आणि का ते शोधा.

प्रतीकांसाठी टर्नरची तीन पातळ्यांची रीत वापरा. झांबियातल्या न्देम्बू लोकांत मुडी नावाचं झाड आहे, साल खरवडली की पांढरा चीक गळतो. पहिली पातळी लोकांच्या स्पष्टीकरणाची: बाया सांगतात, हे आईचं दूध, हे आपलं मातृकुळ, आपली एकजूट. दुसरी वापराची: मुलीच्या वयात येण्याच्या विधीत त्याच झाडाखाली बाया पुरुषांना डिवचतात, आणि मुलीच्या स्वतःच्या आईला नाचाच्या रिंगणात येऊ देत नाहीत. बोलण्यात एकजूट, करण्यात फाटाफूट. तिसरी स्थानाची: त्या प्रतीकाशेजारी आणि त्याच्या विरुद्ध बाजूला काय आहे? मुलांच्या दीक्षेत पांढऱ्या मुडीबरोबर लाल डिंकाचं मुकुला झाड येतं, तेव्हा दूध आणि रक्त ही जोडी दिसते. प्रत्येक मुख्य वस्तूसाठी एक पान घ्या, तीन रकाने पाडा. पहिला आणि दुसरा रकाना जुळत नसतील तर ‘लोक चुकीचं सांगतात’ असं लिहू नका. ती तफावत तुमच्या प्रकरणाचा विषय आहे.

मंत्र

मंत्र तीन ओळींत उतरवा: मूळ, खाली शब्दाला शब्द, त्याखाली मोकळा अनुवाद. जे शब्द म्हणणाऱ्यालाही कळत नाहीत ते तसेच ठेवा आणि ‘अर्थ नाही’ असं लिहू नका. न कळणं हा त्यांचा गुण असू शकतो. मग मोजा: कोणता शब्द किती वेळा येतो, याद्या कुठे आहेत, उपमा कशाच्या आहेत. ट्रोब्रियांडच्या बागेच्या मंत्रांत एकच क्रियापद धरून त्याला किडी आणि रोगांची लांब यादी जोडत जातात. ही यादी म्हणजे बागेच्या ज्ञानाचा तक्ताच असतो. तांबिया याने १९६८ आणि १९७३ मधल्या लेखांत दाखवलं की अशा बोलण्याला ‘चुकीचं विज्ञान’ समजून तपासणं व्यर्थ आहे. शपथ किंवा नामकरण जसं बोलता बोलताच काम करतं, तसं हे बोलणं करतं. तेव्हा तपासायचं ते हे, की कोणाच्या तोंडून, कोणासमोर, कोणत्या क्षणी म्हटला की मंत्र ‘लागतो’.

सगळीकडे मंत्राचाच शोध घेऊ नका. ट्रोब्रियांडमध्ये शब्द अचूक पाठ असणं हे सगळं काही होतं. अझांदेंमध्ये भर औषधावर, आणि बोलणं ज्याला जसं सुचेल तसं. एका ठिकाणचा वाचलेला नमुना घेऊन दुसरीकडे गेलात तर नसलेला मंत्र कोणीतरी सौजन्यापोटी रचून देतो.

मंत्र बहुतेक वेळा कोणाच्या तरी मालकीचा असतो. ध्वनिमुद्रणाआधी तीन वेगळ्या परवानग्या घ्या: ऐकायची, मुद्रित करायची, छापायची. पहिलीचा होकार म्हणजे तिसरीचा नव्हे. शिकवण्याची फी असेल तर शिष्य देतो तेवढीच द्या. जास्त दिलीत तर दोन आठवड्यांत दारात विकाऊ मंत्रांची रांग लागते.

मांत्रिकाशी बोलताना

फसवणूक पकडली म्हणजे सगळं उलगडलं, हा समज सोडा. बोआसने नोंदवलेली क्वेसालिदची कहाणी यासाठी वाचावी. वायव्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा हा क्वाकिउट्ल माणूस तिथल्या मांत्रिकांची लबाडी उघडी पाडायलाच त्यांच्याकडे शिकायला गेला. पिसांचा पुंजका गालात लपवायचा, जीभ चावून तो रक्ताने माखवायचा आणि चोखून काढलेला रोग म्हणून दाखवायचा, हे शिकला. मग त्याच्या हाताखाली रोगी बरे व्हायला लागले, आणि लेव्ही-स्ट्रॉसने दाखवल्याप्रमाणे, ‘हे खोटं आहे’ यापासून तो ‘माझी रीत त्यांच्या रीतीपेक्षा कमी खोटी आहे’ इथवर पोहोचला. अझांदेसुद्धा सरळ सांगत की बरेचसे मांत्रिक ठग आहेत. एका मांत्रिकावरचा अविश्वास आणि मांत्रिकीवरचा विश्वास एकाच डोक्यात सुखाने नांदतात. म्हणून विचारा: चांगला कोण, वाईट कोण, फरक कसा ओळखता? उत्तरात तिथलं प्रमाणशास्त्र, म्हणजे खरं-खोटं ठरवायच्या कसोट्या, हाती येतं.

दुखण्याची प्रकरणं

‘तुमच्याकडे चेटूक म्हणजे काय?’ असं विचारलं तर पाठ्यपुस्तकी उत्तर मिळतं, तेही प्रत्येकाकडून वेगळं. ‘घरात शेवटचं आजारी कोण पडलं? पहिल्या दिवशी काय वाटलं?’ असं विचारा. एका प्रकरणाला एक पान: कोण, कधीपासून, पहिलं निदान कोणी केलं, आधी कोणाकडे गेले, मग कोणाकडे, प्रत्येक ठिकाणी खर्च किती, कारण म्हणून काय सांगितलं, कोणाकडे बोट दाखवलं आणि त्याचं रोग्याशी नातं काय, उपाय, परिणाम, आणि परिणाम झाला नाही तर त्याचा खुलासा. अशी तीसेक प्रकरणं जमली की आकृती दिसायला लागते. फक्त गाजलेली प्रकरणं घेऊ नका. साध्या तापाची, कोणीही मांत्रिकाकडे न गेलेली प्रकरणंही तितकीच हवीत, नाहीतर लोक ऊठसूट चेटूकच म्हणतात असं खोटं चित्र तयार होतं.

दोन जागांवर थांबून नीट खोदा. पहिली, कारणांचे थर. अझांदेंचं धान्याचं कोठार पडतं आणि खाली सावलीला बसलेली माणसं जखमी होतात. खांब वाळवीने खाल्ले हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. उन्हाच्या वेळी सावलीत बसणं स्वाभाविक, हेही ठाऊक. चेटूक उत्तर देतं ते तिसऱ्या प्रश्नाचं: नेमकी हीच माणसं खाली असताना नेमकं तेव्हाच ते का पडलं? शिकारीच्या भाषेत ते चेटकाला ‘दुसरा भाला’ म्हणत. हत्तीने माणूस मारला तर हत्ती पहिला भाला, चेटूक दुसरा. म्हणून ‘कशाने झालं’ आणि ‘त्यालाच का झालं’ हे प्रश्न वेगवेगळे, वेगवेगळ्या दिवशी विचारा. एकत्र विचारले तर दुसरं उत्तर पहिल्याला झाकून टाकतं आणि लोक वाळवीलाच ओळखत नाहीत असं वाटायला लागतं.

दुसरी जागा, अपयशाचे खुलासे. अझांदेंच्या बेंगे कौलात कोंबडीच्या पिलाला विष पाजून प्रश्न घालतात, मग दुसऱ्या पिलाला पाजून तोच प्रश्न उलटा घालतात. एक मरून एक जगलं तरच निकाल पक्का. दोन्ही मेली किंवा दोन्ही जगली तर कौलावरचा विश्वास ढळत नाही. वेल चुकीची तोडली होती, विष शिळं झालं, विष हाताळणाऱ्याने पथ्य मोडलं, कोणीतरी चेटूक केलं, असे खुलासे तयार असतात. हे खुलासे पळवाटा म्हणून हिणवण्यात हशील नाही. त्यांची पूर्ण यादी करा, प्रत्येक खुलासा कोण देतं आणि कधी देतं हे लिहा, आणि कोणता खुलासा कधीच कोणी देत नाही तेही शोधा. त्या न बोलल्या जाणाऱ्या जागेवर सगळी रचना तोललेली असते.

तुलना मोजून करा

मालिनोव्स्कीचं प्रसिद्ध निरीक्षण असं, की ट्रोब्रियांडचे लोक आतल्या शांत खाजणात विष टाकून मासे धरत तेव्हा यातुविधी करत नसत. खुल्या समुद्रात, जिथे जीव आणि मिळकत दोन्ही बेभरवशाची, तिथे भरपूर करत. यावरून त्याने चिंता आणि यातुविद्येची सांगड घातली. जॉर्ज ग्मेल्चने १९७१ मध्ये बेसबॉलला हेच माप लावलं: चेंडू फेकणारे आणि फटका मारणारे खेळाडू तोडगे पाळतात, क्षेत्ररक्षणात यश जवळजवळ हमखास असल्याने तिथे ते विरळ. तुलनेची ही घडण उचलण्यासारखी आहे. माणसं तीच, काम त्याच जातीचं, बदलते ती फक्त जोखीम.

तुमच्याकडे करताना जोखीम आणि विधी वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या पत्रकांवर मोजा. आधी विधी पाहून मग ‘हे काम जोखमीचं असणार’ असं ठरवलं तर सिद्धान्त कधीच चुकत नाही, आणि म्हणून निकामी होतो. रॅडक्लिफ-ब्राउनने १९३९ मध्ये घेतलेला आक्षेपही सोबत ठेवा: विधी चिंता घालवतो असं म्हणता, पण विधी असल्यामुळेच तो नीट झाला की नाही याची चिंता लागत नसेल कशावरून? म्हणून विधी राहून गेला अशी प्रकरणं मुद्दाम शोधा आणि तेव्हा कोण, कशासाठी घाबरलं ते लिहा.

तुमची वही कोणाचा तरी जीव घेऊ शकते

जान फाव्रे-सादा १९६९ पासून पश्चिम फ्रान्समधल्या बोकाज भागात चेटकाचा अभ्यास करत होती. सुरुवातीचे महिने कोणी काही बोललंच नाही, कारण तिथे चेटकाबद्दल नुसत्या माहितीसाठी कोणी बोलत नाही. बोलणारा एक तर चेटकात पकडला गेलेला असतो, नाहीतर त्यातून सोडवणारा, नाहीतर ते करणारा. शब्द हेच शस्त्र. तुमचा प्रश्नही त्या लढाईतली एक चाल म्हणून ऐकला जातो, तुमचा हेतू काहीही असो.

म्हणून ‘चेटकी कोण?’ असं कधीही विचारू नका. लोक आपणहून नाव घेतील तेव्हाही ते वहीत खुणेनेच लिहा. खुणांची किल्ली वेगळ्या जागी, शक्यतो वस्तीबाहेर ठेवा. घरांचे क्रमांक छापील नकाशात बदला. आरोप झालेल्या बाईला भेटायला गेलात तर तीच गोष्ट पुरावा म्हणून वापरली जाऊ शकते, तेव्हा भेट सगळ्या घरांच्या फेरीतच बसवा. अशा आरोपांतून मारहाण, हकालपट्टी आणि खून होतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने जुलै २०२१ मध्ये यावर स्वतंत्र ठराव केला. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर काय करायचं, कोणाला कळवायचं, हे निघण्याआधी मार्गदर्शकाबरोबर बसून लिहून ठेवा. त्या रात्री विचार करायला वेळ मिळत नाही. आणि तिथे अज्ञेयवाद लागू नाही: मंत्र खरा की खोटा याबद्दल मत राखून ठेवता येतं, माणसाला मारण्याबद्दल नाही.

लिहिताना

मसुदा झाल्यावर लाल पेन घ्या आणि ‘मानतात’, ‘समजतात’, ‘त्यांचा विश्वास आहे’ हे शब्द जिथे जिथे आले तिथे रेघ मारा. प्रत्येक जागी वहीतला पुरावा शोधा आणि वाक्य त्यावरून बदला. ‘मृतांचे आत्मे परत येतात असं मानतात’ याऐवजी ‘अकरा घरांपैकी आठ घरांत मृत्यूनंतर नऊ रात्री दार उघडं ठेवलं, दोघांनी कारण आत्म्याचं दिलं, एकाने हवेचं, बाकीच्यांनी “असंच करतात” म्हटलं’. वाक्य लांबतं, पण त्यात वाचकाला वाद घालायला जागा मिळते. ‘असंच करतात’ हे उत्तर गाळू नका. बहुतेक विधींचं ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर असतं.

काळ भूतकाळच वापरा, वर्ष देऊन. सदैव वर्तमानात लिहिलेली वर्णनं लोकांना गोठवून ठेवतात. नाव बदललेल्या माणसाला संपूर्ण लेखनात तेच खोटं नाव द्या, नाहीतर वंशावळीशी प्रकरणं जुळत नाहीत.

ज्या ‘मानतात’ला वहीत पुरावा सापडत नाही ती वाक्यं मसुद्यातून काढा आणि एका वेगळ्या कागदावर ओळीने उतरवा. पुढच्या फेरीला निघाल की सोबत न्यायची प्रश्नांची यादी तोच कागद.